विमानतळावर माझा नंबर कुणी धरला?

गूढ अनुभवांच्या या सदरात मी कधी काही लिहीन असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं की आधी खिडक्या उघडा, पाणी द्या, गर्दी हटवा असं ओरडणारी बाई म्हणजे मी. एकदा आमच्या शाळेतली पोरं चिंचेच्या झाडाखालून जायला घाबरायला लागली, तर मी आठवडाभर त्याच झाडाखाली बसून डबा खाल्ला होता. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

२००३-०४ चा सुमार असेल. आम्ही वसई पूर्वेला गोखिवऱ्यात राहायचो. मी, माझी मुलगी आणि सासूबाई. मिस्टर मस्कतला एका कंपनीत फिटर होते. तिकडे साइटवर त्यांच्या उजव्या पायावर पाइप पडला. त्यात शुगर. जखम बरी व्हायचं नाव घेईना, उलट चिघळत गेली. एके दिवशी त्यांच्या रूमवर राहणाऱ्या अन्वरभाईंचा फोन आला.

"भाभी, डॉक्टर बोलतो गुडघ्याखालून पाय काढायला लागेल. नाय काढला तर जहर वर चढेल. आणि हा माणूस सहीच करत नाय."

माझा नवरा हट्टी आहे हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण एवढा? मी फोनवर समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. त्यांचं एकच पालुपद - "लंगडा होऊन घरी येण्यापेक्षा नाही आलो तर बरं."

मी फोन ठेवला आणि ठरवलं. हा माणूस दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. मी समोर उभी राहिले तरच ऐकेल. पासपोर्ट काढलेला होता, कंपनीने व्हिजिट व्हिसा पाठवला. तोवर डॉक्टरांनी अन्वरभाईंना स्पष्ट सांगितलं होतं - उद्या सकाळपर्यंत सही हवी, त्यानंतर आमच्या हातात काही नाही. माझं विमान आज दुपारचं. पुढचं थेट उद्या संध्याकाळी. म्हणजे हे विमान चुकलं की सगळं संपलंच. मी आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते, पण त्या दिवशी बसणार होते म्हणजे बसणार होते.

दीर जीपने एअरपोर्टच्या दारापर्यंत सोडून गेला. आणि तिथून सुरू झाल्या रांगा...

पहिली रांग दारातच. तिकीट दाखवा, पासपोर्ट दाखवा, तिकिटावरचा फोटो कुठाय... अहो, तिकिटावर कधी फोटो असतो का? दुसरी रांग बॅगा मशीनमधून काढायची. आमच्या पुढे आखातात जाणारी एक अख्खी टोळी, प्रत्येकाच्या ट्रॉलीवर सुतळीने आवळलेली खोकी. एक खोकं मशीनमध्ये अडकलं आणि सगळं ठप्प. मग तिसरी रांग, चेक-इनची. ती गोगलगायीच्या चालीने पुढे सरकली, माझ्या पुढे चार-पाच जणच उरले, आणि काउंटरवरच्या मुलीने फळी लावून टाकली. मशीन बसलं म्हणे. बाजूच्या रांगेत जा. बाजूच्या रांगेत म्हणजे कुठे? तर सगळ्यात शेवटी.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! सफारी घातलेला एक गृहस्थ मध्येच घुसायला लागला.

"बहेनजी, हम साथ में हैं."

"कुणाच्या साथ में? माझ्या? मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय. मागे जा."

गेला बिचारा. पण त्याने काय होणार होतं? रांग हलत नव्हती. घड्याळ मात्र पळत होतं. काउंटर बंद व्हायची वेळ भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेली होती आणि मी सारखी तिकडे बघत होते. इथं मी उभी आणि तिकडे त्यांच्या पायातलं विष वर सरकतंय, एवढंच डोक्यात.

त्यात फोनची वेळ झाली. अन्वरभाईंनी सांगून ठेवलं होतं, दुपारी डॉक्टर राउंडला येतो, तेव्हा मोबाइलवर फोन करा, मी ह्याच्या कानाला लावतो. माझ्याकडे मोबाइल नव्हता. फोनचा बूथ हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला.

आता मी जे केलं ते फक्त आमच्या भागातली बाईच करू शकते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तेव्हा नळाला पाण्याचा पत्ता नसायचा, टँकर यायचा. टँकर यायच्या आधीच हंडे-कळश्यांची लाइन लागायची. कळशी ठेवली की तुमचा नंबर लागला. मग तुम्ही वर जाऊन कुकर लावा, पोराला न्हाऊ घाला... लाइन पुढे सरकली की मागची बाई आपल्या कळशीबरोबर तुमचीही पायाने पुढे ढकलणार. फक्त जाताना म्हणायचं, "जरा नंबर बघा हं." की कुणीतरी म्हणणार, "जा, मी आहे." कुणाची कळशी बाजूला सारायची हिंमत आमच्याकडे कुणाची नव्हती. मी हे दहा वर्षं रोज करत आले होते. हाताला, पायाला, जिभेला सवय झाली होती.

मी माझी निळी बॅग रांगेत नीट उभी केली, म्हटलं, "जरा नंबर बघा हं, आलेच," आणि चालायला लागले. मागून बाईमाणसाचा आवाज आला, "जा गो पोरी, मी हाय."

मी वळून बघितलंसुद्धा नाही. टँकरवर तरी कोण बघतं?

फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. अन्वरभाईंनी त्यांच्या कानाला लावला.

"कशाला येतेस?" हे म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला.

"तुम्हाला नाहीच म्हणायचंय ना? ते माझ्या तोंडावर म्हणा. मी संध्याकाळी पोचते."

मग म्हणाले, "जेवलीस का?"

मी "हो" असं खोटंच सांगितलं. तेवढ्यात वर स्पीकर खरखरला. कुठेही बेवारस सामान दिसल्यास हात लावू नये, ताबडतोब सुरक्षा कर्मचाऱ्यांना कळवावे... आणि माझ्या समोरून बंदूकवाला जवान कुत्रा घेऊन झपझप गेला. आमच्याच रांगेच्या दिशेने.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, ही टँकरची लाइन नव्हे!

मी फोन टाकला, बिलाच्या नोटा दिल्या आणि धावत सुटले. आता बॅग जप्त, मला कोपऱ्यात नेऊन हजार प्रश्न, विमान गेलं... धावताना मला माझा इतका राग येत होता की स्वतःच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटत होती.

बॅग ठेवली होती तिथे बॅग नव्हती. एवढ्यात काउंटरवरून आवाज आला, "ब्लू बॅगवाल्या मॅडम! या ना लवकर!"

माझी बॅग सगळ्यात पुढे, काउंटरला लागून उभी होती. शेजारी तो कुत्रेवाला जवान. आणि चिडलेला नाही, चक्क हसतोय.

"आपकी माताजी कहाँ गयीं?"

"कौन माताजी?"

"अरे, अभी तो यहीं थीं. बैग के पास."

माझ्या मागचा तिशीतला माणूस पुढे आला. आमच्याच बाजूच्या अर्नाळ्याचा होता, बोटीवर कामाला निघालेला. म्हणाला, "ताई, तुमची आई एकदम कडक हां. तो सफारीवाला परत घुसत होता, त्याला असा झापला! लाइन पुढे गेली की पायानं बॅग सरकवायची. आम्हाला सांगायची, पोरी पानी भराला गेलीय, येल, तिचा नंबर हाय. मी बोललो, मावशी आपल्याच साइडची दिसते. बोली आमच्याकडचीच ना."

माझी आई तेव्हा साताऱ्याला होती. ठेंगणी, गोल, एकटी कधी एसटीत न बसलेली. सासूबाई घरी माझ्या मुलीपाशी. पाणी भरायला गेलीय?... एअरपोर्टवर?

"कशी होती दिसायला?" मी विचारलं.

"उंच. काळीसावळी. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काठ ओला. पायात चप्पल नाय, म्हणून तर लक्ष गेलं."

मी म्हटलं, भाऊ, ती माझी कुणी नाही. तो हसला. त्याला वाटलं मला आईची लाज वाटतेय.

तेवढ्यात जवान म्हणाला, "मैडम, एक बात बताओ. मैंने पूछा बैग में क्या है. बोलीं, सूखे बोंबील, चादर और एक पैर का पजामा. ये एक पैर का पजामा क्या होता है?"

इथे माझ्या अंगावर काटा आला. आज लिहितानाही येतोय.

सांगते. निघायच्या आधी मी दार लावून घेऊन मिस्टरांचा एक जुना लेंगा काढला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याशी दुमडला आणि हाताने शिवून बंद केला. फोनवर शब्दांनी काही होत नव्हतं ना... म्हटलं, हे दाखवेन. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या कोसळल्या असत्या. मुलीला सांगायचा प्रश्नच नव्हता. तो लेंगा मी चादरीच्या घडीत घालून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. मशीनमध्ये कपडा कळतो, पण त्याचा एक पाय शिवलाय हे कोणत्या मशीनला कळणार?

जवानाने बॅग उघडायला लावली. बोंबील, चादर, आणि चादरीच्या घडीत लेंगा. त्याने तो हातात धरला, शिवलेला पाय बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नीट घडी घालून परत ठेवला.

मी हॉलभर नजर फिरवली. खांबांच्या मागे, बाकांवर, दारापाशी... अनवाणी कुणीच नव्हतं. शोधायला जायचं होतं मला, देवाशप्पथ जायचं होतं. पण काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्यानंतर बंद करतेय," आणि मी पासपोर्ट पुढे केला. पुढे शिक्क्याची रांग, मग झडतीची रांग. दोन्हीत बॅगेची पावती मुठीत घट्ट होती. विमानात बसले.

संध्याकाळी वॉर्डात पोचले. माणूस अर्धा झालेला. मला बघून तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी नाही सही करणार."

"बरं."

मी बॅग उघडली आणि लेंगा त्यांच्या पोटावर ठेवला. कितीतरी वेळ त्यांनी हात लावला नाही. मग उचलला. हात गुडघ्याशी आला तसा शिवणीवरून अंगठा फिरवला.

"हा तू शिवलास?"

"मग कोण शिवणार?"

"टाके वाकडे आलेत."

"घाईत घातले. घरी या, नीट घालून देते. मला दोन पायांचा नवरा नकोय, मला तुम्ही हवे आहात. कळतंय का?"

ते रडायला लागले. मीही. अन्वरभाई बाहेर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने हे म्हणाले, "सही कुठे करायची?"

पाय गेला, माणूस राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. परत आल्यावर मिस्टरांनी जवळच सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपरची नोकरी धरली. कृत्रिम पाय लावून जिने चढतात आणि अजूनही तेवढेच हट्टी आहेत.

त्यांचं म्हणणं, असेल कुणाला तरी सोडायला आलेली बाई, तेव्हा तिकीट काढून आत जाता यायचं. तिने बॅग एकटी बघितली, केली मदत. बरं. मग लेंगा? लेंग्याचा विषय निघाला की हे पेपर उघडतात. मी गोखिवऱ्यात टँकरच्या लाइनीत प्रत्येकीला विचारलं, आजूबाजूच्या जुन्या गावांतल्या ओळखीच्या बायकांना विचारलं. अशी उंच, काळीसावळी बाई कुणाच्या माहितीत नाही. विज्ञान शिकवणारी मी, माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही. ते असल्याचा आव मी आणणार नाही.

लोक मला विचारतात, भीती नाही वाटली? नाही वाटली, अजूनही वाटत नाही. मला राग येतो. रांगेतल्या झाडून सगळ्यांनी तिला बघितलं. त्या जवानाने, काउंटरवरच्या मुलीने, त्या घुसखोर सफारीवाल्यानेसुद्धा. माझ्या नवऱ्याचा जीव तिने पायाने सरकवत सरकवत काउंटरपर्यंत आणून दिला, आणि जिच्यासाठी आणला तिने तेवढं बघितलं नाही. ती माझ्या मागेच उभी होती. हात लांबवला असता तर लागली असती. मी फक्त मान वळवायची होती.