अर्ध्या किमतीचा कोपरा

त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर वारा असा सुटला होता की रिकामी बादली ठेवल्या जागी राहीना. टाकी साफ करणारं जोडपं सातलाच वर पोचलं होतं. टाकीतलं पाणी आदल्या दिवशीच सोडून दिलेलं, तळाला वीतभर उरलेलं. त्यानं लोखंडी झाकण बाजूला सरकवलं, शिडी आत सोडली, कमरेला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक बायकोच्या हातात. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. तो आत, ती बाहेर.

"सावकाश," ती म्हणाली. हेही सतरा वर्षं.

पाय गेले. गुडघे गेले. मांड्या गेल्या, जरा कुरकुरत. आणि कमरेपाशी घोडं अडलं. त्यानं श्वास सोडला, पोट आत ओढलं, अंग डावीकडून उजवीकडे फिरवून पाहिलं. खाली जाईना. मग वर यायला बघितलं, तर वरही येईना. अर्धा माणूस टाकीत, अर्धा वाऱ्यावर.

"अहो, पुरे झाली थट्टा."

"थट्टा कसली करतोय? अडकलोय मी!"

तिनं काखेत हात घालून ओढलं, दोरीनं ओढलं, शेवटी कठड्यावरून वाकून वॉचमनला हाक मारली. तो पाच जिने चढून धापा टाकत आला, कमरेवर हात ठेवून निवांत बघत राहिला आणि म्हणाला, "वा! टाकीला झाकण बरोब्बर बसलंय की!" मग साबणाचं पाणी आलं. अर्धी बादली कमरेभोवती ओतली, दोघांनी मिळून जोर लावला, आणि बाटलीचं बूच निघावं तसा तो बाहेर आला. पँट फाटली, दोन्ही बाजूंचं कातडं सोललं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दुपारपर्यंत इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला झाकणराव म्हणायला लागले.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण इमारतीतले नळ कोरडे पडले होते आणि काम तर करायचं होतं. ती पहिल्यापासून काटकुळी. तिनं ओढणी कमरेला गुंडाळली, दोरी त्याच्या कमरेची सोडून आपल्या कमरेला बांधली.

"धरा," म्हणाली, आणि सरळ आत उतरली.

बाहेर उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ. बाहेरच्याला काय दिसतं, याचा विचार त्यानं कधी केलाच नव्हता. काहीच दिसत नाही. एक काळं चौकोनी भोक आणि त्यातून येणारा ब्रशचा खरखराट. खरखराट थांबला की तो भोकावर वाकायचा.

"आहेस ना?"

"आहे हो. इथनं कुठं पळून जाणार?"

थोड्या वेळानं पुन्हा, "आहेस ना?"

"अहो, सतरा वर्षांत मी एवढं विचारलं नव्हतं तुम्हाला. घासू द्या!"

शेवटी जंतुनाशक पावडर लावायची असते. बंद टाकीत तिचा वास असा कोंडतो की सवयीच्या माणसाचेही डोळे वाहतात. ती वर आली तेव्हा डोळे लाल आणि खोकला थांबेना. चार दिवसांत जाईल म्हणाली. तीन आठवडे झाले तरी गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पुन्हा त्या वासात उतरलात, तर हा खोकला तुमच्या घरी कायमचा राहायला येईल. मग औषधानंही भागणार नाही."

दुसरा माणूस ठेवावा, तर तेही करून झालं होतं. एक गडी अंधाराला घाबरला. दुसरा आत उतरला तो गारव्याला चक्क झोपला. बाकीच्या रुंद तोंडाच्या टाक्यांत त्याचं भागत होतं, पण चार महिन्यांनी त्या अरुंद तोंडाच्या टाक्यांची पाळी पुन्हा येणार होती. तोवर तो आत मावला पाहिजे, नाहीतर ती उतरणार. बायकोला तो ओळखून होता. वाद घालणार नाही, रडणार नाही, कंबर कसेल आणि उतरेल.

त्यानं सुताराकडून टाकीच्या तोंडाच्या मापाची एक लाकडी चौकट करून आणली आणि दाराआड उभी केली. रोज सकाळी तो ती डोक्यावरून अंगात घालून बघायचा. खांद्यावरून उतरायची, छातीशी कुरकुरायची, पोटाशी ठप्प.

"मी बाई कधीची सांगतेय, चौकटीत राहा," बायको म्हणाली आणि हसता हसता खोकत बसली. त्यालाही हसू आलं होतं. खोकला ऐकून ते तिथंच विरलं.

आधी त्यानं माणसं करतात तेच केलं. जेवण सोडलं. पाचव्या दिवशी एका गच्चीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मटकन खाली बसला. कठडा दोन हातांवर होता. बायकोनं त्याला तिथंच फैलावर घेतलं. "टाकीत नाही मावलात तर जग नाही बुडत! वरून पडलात तर मी काय करू? सांगा ना, काय करू?" घरी येऊन तिनं त्याच्यापुढे केक ठेवला. अख्खा.

"एवढा?"

"आजची तारीख आहे त्याच्यावर."

त्यानं केक खाल्ला. भूक पहिल्या दोन तुकड्यांतच भागली होती, पुढचे चार तारखेसाठी खाल्ले. आणि खाता खाता तो थांबला. जेवण सोडायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं? चीज, कारण त्याची तारीख त्याच दिवसाची होती. त्याच्या आधी? बिस्किटांचा मोठा पुडा, तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेजारी गेलेली असताना त्यानं स्वयंपाकघरातलं कपाट आणि फ्रिज उघडले आणि सगळे पुडे, डबे, बाटल्या ओट्यावर तारखेप्रमाणे मांडल्या. सोमवारी ब्रेडच्या दोन लाद्या. मंगळवारी गोड दह्याचे सहा कप. बुधवारी जॅम. पुढच्या रविवारपर्यंत त्याच्या पोटानं काय करायचं ते तिथं छापून ठेवलेलं होतं. लेक परगावी नोकरीला गेली त्याला तीन वर्षं झाली, बायको चिमणीएवढं खाते. उरलं कोण? घरात काही वाया जाऊ नये म्हणून जे तोंड लागतं, ते त्याचं होतं. हावरा म्हणून त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. तो फक्त काही टाकू देत नव्हता.

आणि हे सगळं यायचं ते शहराबाहेरच्या सवलतीच्या दुकानातून. दुकान कसलं, गोदामच. उंच पत्र्याचं छप्पर, पांढरे दिवे, छताला टेकतील असे रॅक. दर रविवारी सकाळी दोघं तिथं जायची. हाच त्यांचा फेरफटका. मोठी ट्रॉली घ्यायची आणि आधी डावीकडचा शेवटचा कोपरा गाठायचा. तारीख जवळ आलेला माल तिथं अर्ध्या किमतीत मांडलेला असे. तिथली लेबलं लावणारी बाई, हातात ते टकटक करणारं यंत्र, यांना लांबूनच ओळखायची.

त्या रविवारीही तिनं हात केला. "मामी, लवकर या! केक निघालेत, दोन ठेवलेत बाजूला. मामा, तुमचे ते खारे दाणेपण आहेत."

मामी निघाल्याच. मामा ट्रॉलीची दांडी धरून उभे.

"चला की," बायको म्हणाली.

"आज नको तिकडे."

"का? आजारी आहात?"

"तिथलं सगळं दोन-तीन दिवसांत खावं लागतं. कोण खातं ते?"

"मग? अर्ध्या किमतीत मिळतंय!"

"अर्धी किंमत आपण दुकानाला देतो. उरलेली अर्धी मी इथं भरतो," असं म्हणून त्यानं कमरेवर थाप मारली. आवाज चांगला भरीव आला. लेबलवाली फस्सकन हसली. बायको हसली नाही. तिचा चेहरा असा झाला की जणू त्यानं चारचौघांत तिच्या संसाराला नाव ठेवलं. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि घरी दोन दिवस "जेवण वाढलंय" याच्यापुढे बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता ती आपणहून बोलली. लहानपणी ती स्वतःच्या मामीकडे वाढली होती, हे त्याला माहीत होतं. मामीच्या कपाटाला कुलूप असे, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. किल्ली मामीच्या कमरेला. बिस्कीट हवं तर मागायचं, आणि मामी आधी विचारायची, "कालच खाल्लंस ना?"

"भरलेलं कपाट उघडलं ना, की मला बरं वाटतं," ती म्हणाली. "खाल्लं नाही तरी चालतं मला. नुसतं असलं पाहिजे."

त्यानं तिच्या हातातलं पुसलेलं भांडं घेऊन फळीवर ठेवलं. ती कपाट भरत होती आणि तो ते रिकामं करत होता. दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्यासाठीच करतोय.

मग ठरलं ते असं. जायचं त्याच दुकानात, कारण तिला दुसरीकडे करमत नाही. पण जेवून जायचं. ट्रॉली नाही, एकेक बास्केट घ्यायची. हात भरून आला की खरेदी संपली. अर्ध्या किमतीच्या कोपऱ्याकडे वळायचं नाही. जे घ्यायचं ते पूर्ण किमतीत आणि लहान पुड्यात. हे शेवटचं तिच्या फार जिवावर आलं. लहान पुडा हातात धरून ती त्याच्याकडे अशी बघायची की जणू कुणी खिसा कापलाय. "किलोच्या भावात बघितलं तर लूट आहे ही, दिवसाढवळ्या!" पण पूर्ण किंमत द्यायची म्हटली की हात आपोआप घुटमळतो, हे दोघांच्याही लक्षात आलं. केकपाशी घुटमळायचा आणि पुढे भाजीपाशी जायचा. येताना बस नाही. दोन्ही हातांत पिशव्या, आणि मध्ये पुलाच्या कठड्यावर एक विसावा.

लेबलवालीला सुरुवातीला वाटलं, मामा-मामींचं काही बिनसलंय तिच्याशी. मग एकदा वाटेत गाठून तिनं विचारलंच. ऐकून म्हणाली, "मग बरोबर आहे तुमचं, मामा. मीपण घरी नेत नाही इथलं. सकाळ-संध्याकाळ त्या तारखाच बघते, घरी कशाला त्यांना बोलवू?"

चौकट हळूहळू खाली सरकू लागली. पहिल्या महिन्यात बोटभरसुद्धा नाही. दुसऱ्यात पोटाच्या वरच्या वळीपर्यंत. तिसऱ्यात एका सकाळी पोट पार करून कुल्ल्यांवर अडकली आणि वर येईना, तेव्हा बायकोला बोलवावं लागलं. ती डाळ निवडत होती. "आता मी वॉचमनला नाही बोलवणार," म्हणाली.

सगळं सरळ झालं असं नाही. एका बुधवारी साबणाची वडी शोधताना त्याला कपाटात मागे एक केक सापडला. पिवळं लेबल, अर्धी किंमत. तारीख त्याच दिवसाची. एवढ्यात ती दारात आली आणि तिथंच थांबली.

"राहवलं नाही मला," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही कांदे घेत होतात तेव्हा घेतला."

त्यानं केक टेबलावर ठेवला. त्याला भूक नव्हती, पण हात सवयीनं सुरीकडे गेला. तिनं सुरी उचलली आणि खणात टाकली.

"राहू दे," म्हणाली.

"वाया जाईल."

"जाऊ दे."

दिवस मावळला. केक तिथंच. दोघं जेवली, त्याच्याकडे न बघता, जसं काही एखादा पाहुणा न बोलता समोर बसलाय. सकाळी ती उठून आधी टेबलाकडे गेली. केक होता तसाच होता. मऊ, पिवळा, वासही चांगला. फक्त तारीख कालची झाली होती. तिनं तो बराच वेळ हातात धरला. तिच्या घरात एखाद्या जिनसेची तारीख उलटून जायची ही पहिलीच वेळ. मग खाली जाऊन तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर आली आणि म्हणाली, "काही झालं नाही."

"काय व्हायचं होतं?"

"ते मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चार महिन्यांनी पहिली पाळी त्याच पाच मजली इमारतीची आली. ऊन स्वच्छ पडलं होतं, गच्ची तापायला लागली होती. तो झाकणाशी बसला, पण झाकण लगेच सरकवलं नाही. घरातली चौकट कालही कुल्ल्यांवर घासूनच उतरली होती, आणि लाकूड थोडंफार दबतं. सिमेंट दबत नाही. बायको कमरेला ओढणी गुंडाळूनच आली होती. त्यानं ते बघितलं. तिनंही बघितलं की त्यानं बघितलंय.

"माझी सवय आहे," ती म्हणाली. त्यानं दोरी बांधली.

पाय गेले, मांड्या गेल्या. कमरेशी सिमेंट लागलं, दोन्ही बाजूंनी, थंडगार. त्यानं हात वर केले, श्वास सोडला आणि अंग ढिलं टाकलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग शर्ट काखेपर्यंत वर चढला, पाठीचं कातडं चरचरलं, आणि पायाला शिडीची पुढची पायरी लागली.

वरच्या चौकोनात तिचं तोंड दिसत होतं. मागे आभाळ. तिनं ओढणी सोडून खांद्यावर टाकली आणि दोरी दोन्ही हातांत घेतली.

"लागलं का?"

"थोडं खरचटलं."

"दाखवा."

"आता कसं दाखवू? मोठा ब्रश दे आधी."

ब्रश खाली आला. तळाचं पाणी घोट्यापर्यंत होतं, भिंतींना शेवाळ्याचा हात फिरलेला. नेहमीसारखी त्यानं डावीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, वरून खाली.

"आहात ना?" वरून आवाज आला.

"आहे," तो म्हणाला आणि घासू लागला.