दोघांचा होकार

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझी नेमणूक वॉशिंग्टन राज्यातल्या एका लष्करी तळावर होती. इन्फन्ट्री बटालियनची सिग्नल प्लॅटून, रँक स्पेशालिस्ट, काम रेडिओचं. सकाळी साडेपाचला फॉर्मेशन, सहाला पीटी, नऊला मोटर पूल, म्हणजे गाड्यांचं आवार. गाड्यांवरचे रेडिओ तपासायचे, बॅटऱ्या बदलायच्या, अँटेना पुसायच्या. महिन्यातला एक आठवडा फील्डमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या सरावात, जाई. तिथे बहुतेक वेळ पाऊस असे.

माझं आडनाव निनावे. अमेरिकन तोंडात त्याचं 'निनावी' होत असे. मराठीत त्याचा अर्थ काय होतो, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

मी मूळचा चंद्रपूरचा. वडील वनरक्षक होते. थोरला भाऊ इंजिनिअर, जर्सी सिटीत स्थायिक. त्यानेच मला बोलावून घेतलं. दोन वर्षं त्याच्याकडे राहून, एका गोदामात काम करून मी सैन्यात भरती झालो. चार वर्षं नोकरी करायची, मग कॉलेजला मदत मिळणार, असा करार होता. भावाला तो पटला नाही. फोनवर तो म्हणाला, "अरे यार, लोक इथे मास्टर्स करायला येतात. तू परेड करायला आलास?"

वहिनीने त्याच्या हातून फोन घेतला. "भाऊजी, थंडीचे कपडे देतात ना तिथे?"

"देतात."

"मग ठीक आहे."

त्यानंतर दर दोन महिन्यांनी तिच्याकडून काळ्या मसाल्याचं पार्सल येऊ लागलं.

सैन्यात मला एकच अडचण आली, ती मानेची. आपण हो म्हणताना मान जराशी तिरकी करून डोलावतो. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. अमेरिकन माणसाला ती हालचाल नकारासारखी दिसते. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात ड्रिल सार्जंटने विचारलं होतं, "प्रायव्हेट, मान सैल झाली आहे का? टाइट करून देऊ?" तेव्हापासून मी उत्तर तोंडाने देत होतो. तरी गाफील असलो की मान आपलं जुनं काम करायची. प्लॅटूनमध्ये दोघंतिघं माझी नक्कल फार चांगली करत.

आमचे सेक्शन चीफ स्टाफ सार्जंट हॉलिस. वय चाळीसच्या आसपास, व्हिएतनाममध्ये दोनदा जाऊन आलेले. बोलणं कमी. तळाबाहेर घर, बायको आणि तीन मुलं. घरासाठी हिवाळ्याचं मांस ते दर वर्षी स्वतः शिकार करून आणत. एका माणसाला एका सीझनला एक टॅग, म्हणजे एक हरीण. आधीच्या वर्षी त्यांचा टॅग कोराच राहिला होता. तो हिवाळा घरी कसा गेला, हे ते सांगत नसत. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच म्हणत.

नोव्हेंबरमधली गोष्ट. मॅप रीडिंगच्या क्लासनंतर ते टेबलावर सरकारी जंगलाचा नकाशा पसरून बसले होते. त्यावर पेन्सिलने काही चौकोन काढलेले होते. गेल्या चार-पाच वर्षांत झाडं तोडलेल्या जागा. त्यांच्या भाषेत क्लिअरकट.

मी म्हणालो, "आमच्याकडे याला कूप म्हणतात, सार्जंट. माझे वडील कूप तोडून घेत."

"काय शिकलास त्यांच्याकडून?"

"ताज्या कुपात जाऊ नका. तिथे नुसत्या फांद्या असतात. जमिनीला ऊन लागलं की दुसऱ्या वर्षी कोवळा पाला फुटतो, मग चितळ येतात. पाचव्या वर्षी झाडोरा इतका वाढतो की हरीण असलं तरी दिसत नाही."

त्यांनी दोन चौकोन खोडले. दोन ठेवले. मग विचारलं, "शनिवारी काय करतोस?"

माझ्याकडे शिकारीचं लायसन्स नव्हतं. मी फक्त दुर्बीण सांभाळायची, असं ठरलं. शनिवारी त्यांच्या घरून निघण्यापूर्वी त्यांनी नियम सांगितला. रेंजवर गोळीबार सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना विचारतात, डावीकडे रेडी का, उजवीकडे रेडी का. दोघांचा होकार आल्याशिवाय कोणी ट्रिगरला हात लावत नाही. शिकारीतही तेच. "मला दिसलं तरी मी तुझ्याकडे बघेन. तू दुर्बिणीतून खात्री करायची. ते हरीण आहे, नर आहे, मागे काही नाही. तिन्ही पक्कं असेल तर मान वरखाली. नसेल तर आडवी. आवाज नाही. समजलं?"

माझी मान डोलली.

"निनावी, हे येस होतं की नो?"

"येस, सार्जंट."

"मग मान नो का म्हणते?"

त्यांनी मला पिकअपजवळ उभं करून दहा वेळा मान वरखाली करायला लावली. त्यांची धाकटी मुलगी पायरीवर बसून मोजत होती. आठवर ती चुकली, म्हणून मला पुन्हा एकपासून करावं लागलं.

शनिवारी काही मिळालं नाही. दोन माद्या दिसल्या, त्या भागात फक्त नराची परवानगी होती. रविवार सीझनचा शेवटचा दिवस.

रविवारी सहा वाजता आम्ही लाकडाच्या ट्रकसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवली. बाकीचं अंतर पायी गेलो. साडेसहाला कुपाच्या वरच्या कडेला, एका रुंद खुंटाआड बसलो. कूप उतारावर होता. खुंट, मध्येमध्ये फांद्यांचे ढीग, त्यांच्यात कमरेएवढं झुडूप. खाली धुकं, वर बारीक पाऊस. सार्जंट हॉलिस रायफलच्या दुर्बिणीवरचं पाणी सारखं पुसत होते. नुसतं काय आहे ते बघण्यासाठी रायफल रोखायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. बघायचं काम माझं.

सात वाजून बारा मिनिटांनी खालच्या ढिगाजवळ काहीतरी हललं. अंतर दीडशे यार्ड. मी दुर्बीण लावली. तपकिरी पाठ दिसली. पाठ खाली वाकली, जराशी सरकली, पुन्हा स्थिर झाली. मग तिच्या पुढच्या टोकाला धुक्यातून शिंगं वर आली. दोन फाटे, प्रत्येकाला टोकं. मागे उतार होता, मोकळा.

सार्जंट हॉलिस यांनी रायफल उचलली. सेफ्टी काढल्याचा आवाज मी ऐकला. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझी खात्री झाली होती. मी मान हलवली.

त्यांनी सेफ्टी लावली आणि रायफल खाली घेतली.

मला काही कळेना. हिवाळ्याचं मांस समोर उभं होतं. ते का थांबले हे विचारायला मी त्यांच्याकडे झुकलो, आणि झुकताना एकदा खाली पाहिलं. शिंगं जमिनीवर ठेवली गेली होती. तपकिरी पाठ सरळ झाली. तिला डोकं होतं आणि डोक्यावर टोपी होती. माणसाने कमरेवर हात ठेवून पाठ ताणली.

मी कुजबुजलो, "माणूस आहे."

"दिसतोय," सार्जंट हॉलिस म्हणाले. त्यांनी रायफलमधल्या गोळ्या काढल्या, एकेक मोजून खिशात टाकल्या. मग उभं राहून मोठ्याने हाक मारली. "वर आम्ही दोघं आहोत! खाली येतोय!"

आम्ही खाली गेलो. अर्नी नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते, निवृत्त लाकूडतोडे. चुलीसाठी देवदाराची सुकी लाकडं गोळा करत होते. जंगलखात्याची चिठ्ठी खिशात होती. अंगात जाड तपकिरी कोट. शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घालायचं नारिंगी जॅकेट गाडीत राहिलं होतं. दोन फाट्यांची एक वाळकी फांदी त्यांच्या पायाशी पडली होती. ती खांद्यावर घ्यायला ते वाकले होते.

सार्जंट हॉलिस यांनी काही लपवलं नाही. "सर, मी तुमच्यावर रायफल धरली होती. सेफ्टी काढली होती."

अर्नींनी फांदीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "मग झाडली का नाही?"

"याने नको सांगितलं."

अर्नींनी हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. "नजर चांगली आहे तुझी, बेटा." त्यांनी थर्मासच्या झाकणात मला कॉफी ओतून दिली. मी ती प्यायलो. चव आठवत नाही.

त्या दिवशी पुन्हा रायफल भरली गेली नाही. अर्नींची लाकडं आम्ही तिघांनी मिळून त्यांच्या ट्रकवर चढवली. सव्वादहाला आम्ही परत निघालो. टॅग पुन्हा कोरा राहिला होता.

कच्चा रस्ता संपून गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग सार्जंट हॉलिस म्हणाले, "उद्या कॅप्टनला सांगणार आहे. तुझ्या फाइलमध्ये चार चांगल्या ओळी जायला हव्यात."

मी म्हणालो, "सार्जंट, मी येस म्हटलं होतं."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मला ते हरीण वाटलं होतं. मान आमच्या पद्धतीने हलली. तुम्हाला ती नो दिसली."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वायपर काचेच्या मध्येच थांबले. माझ्या घड्याळात दहा पंचेचाळीस झाले होते.

"रेडिओवर आपण येस-नो का म्हणत नाही?" त्यांनी विचारलं.

"खरखरीमुळे नीट ऐकू येत नाही म्हणून. येसला अफर्मेटिव्ह, नोला निगेटिव्ह म्हणतो."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मी शिकवलं. आणि जंगलात मानेवर भरवसा ठेवला." त्यांनी इंजिन सुरू केलं. "तू सांगितलं नसतंस तर मी पुढच्या वर्षीही मानेच्या भरवशावरच गोळी झाडली असती. यापुढे शब्दात सांगायचं. हरीण पळालं तर पळालं."

"येस, सार्जंट."

"आणि ती मान आहे तशी राहू दे."

फाइलमध्ये ओळी गेल्या नाहीत. मला तेच बरं वाटलं.

दहा दिवसांनी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. फ्रीझर भरलेला होता. अर्नींच्या मुलाला सीझनच्या पहिल्याच दिवशी मोठा नर मिळाला होता. त्या मांसाची दोन खोकी अर्नी स्वतः आणून देऊन गेले होते. मी वहिनीचा काळा मसाला घालून रस्सा केला. मुलांनी तीन जग पाणी संपवलं. सार्जंट हॉलिस यांनी दोनदा वाढून घेतलं आणि कपाळ पुसलं.

"तिखट झालं का, सार्जंट?"

"निगेटिव्ह," ते म्हणाले.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही त्याच कुपात, त्याच खुंटाआड बसलो. आठ वाजता मी कानाशी "अफर्मेटिव्ह" म्हणालो आणि त्यांनी एका गोळीत हरीण पाडलं.

माझी चार वर्षं संपली. मी त्याच राज्यात, बसने पाच तासांवर कॉलेजला लागलो. दुसऱ्या हिवाळ्यात प्लॅटूनमधल्या मित्राचा फोन आला. फील्डमधून परतताना बर्फाळ रस्त्यावर जीप उलटली होती. बरोबरचे दोघे वाचले. स्टाफ सार्जंट हॉलिस वाचले नाहीत.

मेमोरियल, म्हणजे शोकसभा, तळावरच्या चॅपलमध्ये होतं. दुपारी दोन वाजता. मी साध्या कपड्यांत होतो, म्हणून मागच्या रांगेत बसलो. शेजारी अर्नी येऊन बसले. तोच तपकिरी कोट होता. वरून नारिंगी जॅकेट घातलं होतं.

"आता हे काढत नाही," ते म्हणाले. "त्याने बजावलं होतं." मग म्हणाले, "तू येस म्हटलं होतंस ना? त्याने मला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी घरी येऊन. खरं काय ते मला कळायला हवं, म्हणाला."

म्हणजे हॉलिस यांच्याकडे मांस घेऊन गेले तेव्हा अर्नींना सगळं माहीत होतं. मी विचारलं, "तरी तुम्ही मांस दिलंत?"

"मी जिवंत होतो. त्याचा फ्रीझर रिकामा होता."

पुढे कंपनी उभी होती. समोर सार्जंट हॉलिस यांचे बूट, रायफल, हेल्मेट. फर्स्ट सार्जंटने हजेरी सुरू केली. नाव पुकारलं की तो सैनिक उत्तर देई, "हिअर, फर्स्ट सार्जंट." तीन नावं झाली. मग फर्स्ट सार्जंटने पुकारलं, "स्टाफ सार्जंट हॉलिस." थोडं थांबून पुन्हा, पहिल्या नावासकट. तिसऱ्यांदा पूर्ण नाव.

त्यांची धाकटी मुलगी पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

अर्नी माझ्याकडे झुकले. "कोणी उत्तर द्यायचं असतं का?"

माझी मान हलली. अर्नी माझ्याकडे बघत राहिले. मग मी ते शब्दात सांगितलं.

"नाही, सर. नसतं."