नावाड्याच्या गाण्याचा मधला तुकडा

गेम बनवणाऱ्या कंपनीने माझ्या आईला फसवलं. मला फसवलं असतं तर हे लिहीत बसलो नसतो. जुने मोबाईल घेण्या-विकण्याच्या माझ्या धंद्यात रोज कोणीतरी मला फसवायला येतं आणि बहुतेक जण हात हलवत परत जातात. पण आईने त्या कंपनीचं काही बिघडवलं नव्हतं. अशी काही कंपनी असते, हेही तिला माहीत नव्हतं.

तेव्हा मी गोंदियाला बी.कॉम. करत होतो. सालेकशाहून सकाळच्या गाडीने जायचं आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. फोन सेकंडहँड होता. त्यासाठी सलग तीन दिवस मी दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. शेवटी तो म्हणाला, "ले जा भाई, मगर दुबारा मत आना." आज माझं स्वतःचं दुकान त्याच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

त्या फोनवर मी गेम खेळायचो, पण मित्रांसारखा नाही. ते किती गाड्या मागे टाकल्या, किती शत्रू मारले ते मोजायचे. मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून वाळवंटातलं संगीत ऐकत बसायचो आणि शर्यतीत नेहमी शेवटचा यायचो. किल्ल्याच्या एका गेममध्ये मोठ्या लढाईआधी बंद दरवाज्यापाशी एक ढोल वाजायचा. तो ऐकायला मिळावा म्हणून मी दरवाजा उघडायचोच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक गेमच्या धुनेला मी दहापैकी मार्क दिले होते. गाडीच्या डब्यात समोर बसणारा मित्र म्हणायचा, "अबे, गेम खेळून राहिला का भजन ऐकून राहिला?"

दहापैकी दहा एकाच धुनेला होते. एक नावाडी नदीकाठच्या गावांत सामान पोचवतो, एवढाच तो गेम. तो मी पूर्ण पैसे देऊन घेतला होता, आणि घासाघीस न करता घेतलेली माझ्या आयुष्यातली ती एकच वस्तू असावी. दिवसाचं काम संपलं की नावाडी घाटावर बसायचा, फडकं सोडून भाकरी खायचा आणि तेव्हाच ती धून सुरू व्हायची. आधी बासरी. मग मधल्या तुकड्यात सूर खाली उतरायचा, पाण्यात पाऊल टाकण्याआधी माणूस खोली चाचपतो तसा. मग बासरी परत यायची. एक अट होती. स्क्रीनला बोट लागलं की नावाडी उठायचा आणि धून बंद. मी तापट माणूस, एका जागी मला बसवत नाही. पण त्या धुनेपुरता मी हात मांडीवर ठेवून गप्प बसायला शिकलो.

आईने ती ऐकली उन्हाळ्यात. ओसरीवर ती तेंदूपानांची पुडकी बांधत होती, मी शेजारी फोन ठेवला होता. इअरफोनचा एक कान मेलेला, म्हणून आवाज मोकळाच सोडला होता. थोड्या वेळाने पाहतो तर तिची दोरीची गाठ बरोबर ठेक्यावर पडत होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तेव्हा तिने हात पुसत विचारलं, "जेवला का तुया नावाडी?" म्हणजे, लाव ते गाणं. मग ते रोजचंच झालं. मी जेवायच्या आधी नावाडी जेवायचा.

पावसाळ्यात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. त्या दिवशी गाडीतून उतरून मी शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने घरी निघालो होतो. लांबच्या बांधीत, चिखल केलेल्या शेतात, बायका वाकून भाताचे पऱ्हे रोवत होत्या आणि गात होत्या. रोवण्याला बायका गातातच, त्यात नवल नव्हतं. पण जवळ गेलो आणि पाय थांबले. ती माझ्या गेमची धून होती. आईने तिला शब्द लावले होते. नावाडी भाकर खातो, त्याची बायको वाट पाहते, नदीला कोणी काही विचारत नाही, असे काहीसे. मधल्या तुकड्याला मात्र शब्द नव्हते. तिथे त्या नुसत्या गुणगुणायच्या आणि सगळ्यांची पाठ एकदम एक पाऊल मागे सरकायची. मी छत्री मिटून तसाच भिजत उभा राहिलो. पुढे गेलो असतो तर एखादीने मला पाहून टोमणा मारला असता आणि गाणं तुटलं असतं.

मग माझी चूक. ती लपवणार नाही. गोंदिया स्टेशनवर वायफाय फुकट होतं. फुकट मिळतंय आणि मी घेत नाही, असं आजवर झालेलं नाही. गाडीला उशीर होता, मी सगळे अपडेट एकदम लावून दिले. नावाड्याच्या गेमपुढे लिहिलं होतं, 'किरकोळ सुधारणा'.

त्या संध्याकाळी नावाडी घाटावर बसला, त्याने भाकर सोडली आणि लग्नाच्या वरातीत वाजावा तसा धडामधुडूम बाजा सुरू झाला. आईने हातातलं काम खाली ठेवलं.

"हे कायले वाजून राहिलं? मायं गानं कुठी गेलं?"

मी अपडेट म्हणजे काय ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फुकटाचं होतं म्हणून दाबलं ना तू?"

मी कंपनीला लिहिलं. मशीनने उत्तर दिलं की माझं मत त्यांच्यासाठी फार मोलाचं आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच मोल. इंटरनेटवर धुंडाळलं. छोटा गेम, खेळणारे मोजके. एकच जुना व्हिडिओ सापडला, कुठल्याशा परदेशी पोराने खेळताना बडबड केलेला. मागे धून होती, पण नेमका मधला तुकडा आला की तो खदखदून हसायचा. आईने तो तीनदा ऐकला आणि म्हणाली, "हा मानूस काऊन हासून राहिला बापा?"

याला आता बरीच वर्षं झाली. दरवर्षी रोवण्यात ते गाणं असतं, पण मधला तुकडा झिजत गेला. आधी एक सूर गेला, मग दुसरा. मी दहापैकी दहा मार्क देणारा, मलाही तो आता आठवत नाही. यंदा मी बांधीवर चहा घेऊन गेलो तेव्हा बायका त्या वळणावर येऊन थांबल्या, एकमेकींकडे पाहून हसल्या आणि तिथून उडी मारून पुढे गेल्या. कोणाचीच पाठ मागे सरकली नाही. आई हसली नाही. चिखलाचे हात तसेच लोंबते ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी खिशातून काढून देणार होतो.

बटण मी दाबलं, कबूल. पण विकलेल्या फोनचा आवाज मी नंतर गिऱ्हाइकाच्या घरात शिरून बदलत नाही. विकलं ते विकलं. एका बाईच्या गाण्याचं पोट कापून नेणं ही किरकोळ सुधारणा कोणत्या बाजारात होते? मला पैसे परत नकोत. मला तो तुकडा हवा, माझी आई वाकून रोवू शकते आहे तोवर. तो कोणी काढला, आणि कोण आणून देणार? उत्तर माणसाने द्यावं. मशीनचं मी घेणार नाही.