रुई जाळणारी बिडी

गादी उसवली की आमचे पिंजारी चाचा आधी कोपरापर्यंत हात आत घालायचे, मूठभर रुई बाहेर काढायचे, ती नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "रुई झूट नाई बोलत, साहेब." मग त्या गादीच्या मालकाची कुंडली सुरू व्हायची. हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो. या घरात लहान पोर आहे. ही गादी पाहुण्यांची, वर्षातून चार दिवस खाली येते. मालक समोर उभा असायचा आणि बहुतेक वेळा वरमून मान डोलवायचा.

आमची ओळख अशीच झाली. मंगरूळपीरला सरकारी दवाखान्यात मला नोकरी लागली, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खोली भाड्याने मिळाली, आणि धनजहून आईने घरची जुनी गादी पाठवून दिली. गादी कसली, फरशीच होती. दोन महिने तिच्यावर पाठ मोडून घेतली आणि मग समोरच्या गादीच्या दुकानात नेऊन टाकली. चाचांनी ती उसवली, रुई हुंगली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गादी मायची हाय, पन वास नवा हाय," ते म्हणाले. "सिगरेट. निजल्या निजल्या पेता काय?"

मी ओशाळलो. कारण दवाखान्यात माझं काम काय, तर छातीच्या रोग्यांना एका यंत्रात फुंकायला लावायचं, काटा कुठवर सरकला ते लिहून घ्यायचं आणि जाताना "बिडी सोडा" असं बजावायचं. ते बजावून झालं की मी मागच्या भिंतीआड जाऊन सिगारेट ओढत असे. दिवसाला चार. बरं, पाच म्हणा.

आता तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील की ज्यांच्याकडे पाहत राहावंसं वाटतं, आणि का ते सांगता येत नाही. मला तर दुसऱ्याच्या उठाठेवी करायची जन्मजात खोड. माझी खिडकी चाचांच्या दुकानासमोर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मला दुसरा उद्योग नसायचा. दुकानात एक पिंजायचं मशीन, रुईचे ढीग आणि कोपऱ्यात खोळ शिवत बसलेल्या चाची. घरात दोघं उर्दू बोलायचे, दुकानाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी.

दुकानात बिडीला सक्त मनाई होती. कुणी गिऱ्हाईक तोंडात बिडी घेऊन आलं की चाचा मशीन बंद करून ओरडायचे, "भायेर! दुकान जाळतं काय माह्यं?" स्वतःला तलफ आली की आधी सदरा झटकायचे, मग दाढी, मग भुवयांवरची रुई पुसायची आणि रस्ता ओलांडून माझ्या खिडकीखालच्या कडुनिंबाशी यायचे. वारा दुकानाकडे वाहत असला तर झाडाच्या पलीकडच्या अंगाला उभे राहायचे. विझलेलं थोटूकही पायाने चिरडून वर माती लोटायचे.

मी एकदा खिडकीतून विचारलं, "चाचा, रुईची एवढी काळजी घेता, मंग छातीची काहून नाई घेत?"

"रुई लोकायची हाय, साहेब. छाती आपली हाय."

त्या छातीचा आवाज मला खोलीत ऐकू यायचा. त्यांच्या खोकल्यावरूनच दुकान उघडल्याचं कळायचं. पुढे पुढे ते एक गादी उचलून ओट्यावर आणली की तिच्यावरच बसून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "नरम झाली का नाई, पाहून राह्यलो." चाची खोळीतून मान वर न करता म्हणायच्या, "रोज चार डाव पाहतेत."

त्यांना दवाखान्यात आणायला मला तीन महिने लागले. आले तेही यंत्र बघायला. प्लास्टिकची नळी उलटसुलट करून त्यांनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, स्प्रिंग. मग त्यांनी जीव खाऊन फुंकलं. काटा जेमतेम हलला. त्यांनी पुन्हा फुंकलं, खोकले, तिसऱ्यांदा फुंकलं आणि म्हणाले, "तुमची मशीन बिघडली. तुमी फुका बरं."

मी फुंकलं. काटा त्यांच्या दुपटीच्याही पुढे गेला.

"सिगरेट पेऊन बी?"

"मी तिशीतला हाय चाचा, थांबा जरा, माहा बी येईन खाली."

ते हसले नाहीत. आकड्याकडे पाहत म्हणाले, "म्हंजे रुई चढली."

तेव्हा मला पहिल्यांदा ती गोष्ट कळली. चाचांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी: पिंजाऱ्याच्या छातीत रोज थोडी थोडी रुई जाते, आणि ती जाळायला बिडी लागते. ज्या पिंजाऱ्याने बिडी पेली नाही त्याच्या छातीत रजई भरते. वडील खोकून खोकून गेले, चुलते तसेच गेले. दोघांच्याही बाबतीत घरात एकच बोललं गेलं, की बिडी कमी पडली.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं. रुईची धूळ छातीला वाईट आहेच, तोंडाला फडकं बांधत जा. पण त्याहून मोठं नुकसान बिडीने केलंय, ती आजच्या आज बंद करा. चाचांनी मोठ्या अदबीने ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "पाहा, बाई बी रुईच म्हनते." त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि बिड्या वाढवल्या. आधी दिवसाला एक बंडल पुरायचं, आता दुसरं फुटायला लागलं. का, तर आकडा खाली आलाय, रुई जास्त झालीय, जाळायला पाहिजे.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी कडुनिंबाखाली जाऊन चांगला तावातावाने बोललो. औषध म्हणून विष पिताय, वगैरे. चाचा शांतपणे धूर सोडत होते. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बिडीनं रुई जळते म्हनता ना? मंग जाळून दाखवा मले!"

हे मी रागात बोललो होतो. त्यांनी मात्र बिडी तोंडातून काढली आणि डोळे बारीक केले. "हे कोनी करून नाई पाह्यलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्याच्या चार कोऱ्या नळ्या मागून नेल्या. त्या आम्ही रोग्यांना फुंकायला देतो. ताज्या पिंजलेल्या रुईचा बोळा त्यांनी एका नळीत बसवला, एका टोकाला बिडी लावली आणि दुसऱ्या टोकाने ओढायला सुरुवात केली. अर्थात कडुनिंबाखाली, सदरा झटकून. बिडी संपली की दुसरी. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "चाचा, हा कोनता नवा हुक्का?" चाचा बोट वर करून त्यांना गप्प करायचे. संध्याकाळपर्यंत एक बंडल त्या नळीतून गेलं.

बोळा बाहेर निघाला तो कडक चहाच्या गाळासारखा. एक तंतूही जळलेला नव्हता.

चाचांनी आधी रुईवर संशय घेतला. म्हणाले, आखूड धाग्याची असेल. दुसऱ्या दिवशी लांब धाग्याची घेतली. तिसऱ्या दिवशी उशीत भरतात ती सावरीची. चौथ्या नळीत माझ्या हट्टामुळे माझ्या सिगारेटी गेल्या, कारण बिडीवरच सगळा आळ यावा हे मला बरं वाटेना. सिगारेटचा बोळा किंचित फिका होता, एवढंच. चारही बोळे त्यांनी ओट्यावर ओळीने मांडले आणि एकेक हुंगला.

मग म्हणाले, "रुई नाई जळली, साहेब. रुईनंच बिडी पेली."

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेलं बंडल नालीत टाकलं. नंतर पंधरा दिवस चिडचिड केली, गिऱ्हाइकांवर खेकसले, दिवसभर लवंगा चघळल्या. पण बिडी पेली नाही. चाची मला म्हणाल्या, "भाऊ, माहं तोंड दुखलं सांगून सांगून. माहं नाई आयकलं, आन कापसाच्या बोंड्याचं आयकलं!" रागाने बोलल्या, पण डोळ्यांना पदर लावला.

दर गुरुवारी चाचा दवाखान्यात फुंकायला यायचे. आकडा वर येईना. खोकला थोडा हलका झाला होता, थुंकी कमी झाली होती, पण काटा जिथल्या तिथे. एका गुरुवारी मी धीर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "थे पयली रुई म्या सोडा घालून धुतली. थोडा रंग निंघाला. सारा नाई निंघत."

मी म्हटलं, "नाई निंघत, चाचा. पन अजून चढनार नाई."

"हाव," ते म्हणाले. "थे बी खरं हाय."

आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. त्यात टोमणा नव्हता. नवीन गादी उसवल्यावर ते जसं कुतूहलाने आत पाहायचे, तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. "साहेब, माह्या छातीत रुई होती म्हून म्या पेली. चुकलं. पन कारन त होतं. तुमच्या छातीत कोनती रुई हाय?"

मी शिपायाला चहा आणायला सांगितला. त्या दिवशी भिंतीआड गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो. सिगारेट सुटायला मला पुढे वर्ष लागलं, आणि त्या वर्षभरात प्रत्येक वेळी काडी पेटवताना मी उत्तर शोधत होतो. अजूनही सापडलेलं नाही.

बिडीचं बंडल दोन चहांच्या भावात येतं, म्हणून गरिबाला परवडतं असं आपण म्हणतो. तिचा उरलेला भाव अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळतो. चाचा-चाची महिन्यातून एकदा अकोल्याच्या बसने जायचे. एक माणूस आजारी, पण दोघांचा दिवस बुडायचा. तपासण्या, तोंडात ओढायची औषधं, येताना चाचांना उभं राहवेना म्हणून सीट मिळेपर्यंत सोडून दिलेल्या दोन-दोन बस. शिरपूरला जैन यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी पंचवीस गाद्यांचं काम आलं होतं. ते काम घेताना चाचांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा होता. अठरा गाद्या झाल्या. एकोणिसावी उचलताना ते ओट्यावर बसले, मग त्यांना उठताच येईना. ओठ निळे पडले होते. उरलेल्या सात दुसऱ्याने केल्या.

त्यानंतर मशीन गेलं. कारंज्याच्या एका पिंजाऱ्याने ते नेलं आणि त्या पैशात घरात प्राणवायूचं यंत्र आलं. मशीन टेम्पोत चढवताना चाचा खुर्चीवर बसून त्या माणसाला सांगत होते, आवाज बदलला की पट्टा बघ, पावसाळ्यात ओली रुई घालू नको. श्वास घ्यायला मध्ये मध्ये थांबत होते आणि तो बिचारा तेवढा वेळ मान खाली घालून उभा राहत होता. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा चाचा म्हणाले, "दुकान केवढं मोठ्ठं हाय हो. कई दिसलंच नाई."

शेवटच्या सात महिन्यांत त्यांना आडवं होता येईना. आडवे झाले की जीव गुदमरायचा. ज्यांना हा आजार ठाऊक आहे त्यांना हे माहीत असेल. मला पुस्तकात माहीत होतं. चाचा दिवानावर बसून असायचे, पुढे झुकलेले, गुडघ्यांवर एक उंच लोड आणि लोडावर डोकं. तसेच झोपायचे. लोड चाचींनी शिवला होता. तो चारदा उसवून पुन्हा भरला, कारण चाचांना कधी तो कडक वाटे, कधी ठेंगणा.

मी रोज दवाखान्यातून येताना डोकवायचो. ते लोडावरून मान उचलून विचारायचे, "आज किती लोकं आले फुकाले?" मी सांगायचो. "त्यातले बिडीचे किती?" तेही सांगायचो. एकदा म्हणाले, "त्याइले इथं पाठवत जा. दोन नळ्या आन रुई, बस. तुमचं भाषन नको." मी खरंच काही जणांना पाठवलं. चाचा बसल्या जागेवरून चाचींना बोळा कसा भरायचा ते खुणेने दाखवायचे. त्यातले दोघे मला अजून रस्त्यात भेटतात आणि "सुटली बरं का" म्हणून दुरूनच ओरडतात.

आणि एकदा, मी निघता निघता, ते लोडावर गाल टेकवून म्हणाले, "साऱ्या मंगरूळले निजवलं म्या. आता मलेच पाठ टेकता येत नाई, पाहा." म्हणून हसले. हसल्याने दम लागला, तेव्हा चाचींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला डोळ्याने जायला सांगितलं.

ते गेले ते हिवाळ्यात, सकाळी. खिडकीतून दुकानापुढे माणसं दिसली आणि मी तसाच चप्पल न घालता रस्ता ओलांडला. घरात बायका एका बाजूला बसल्या होत्या. पुरुषांनी मला वाट करून दिली. शेवटची आंघोळ, गुसल, झाली होती, पांढऱ्या कापडातून फक्त चेहरा उघडा होता. दाराआडून चाचींचा आवाज आला, "भाऊ, पाह्यलं काय? कसे सरळ निजले."

चाचा पाठ टेकून, पाय लांब करून निजले होते. खाली नुसता लाकडी तख्ता होता.