मोरीपुढचं गोणपाट

तुळजापुरात आण्णासाहेबांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, आणि मोरीपुढची शहाबादी फरशी राखेनं अन् खरकट्या पाण्यानं बारा महिने ओली. त्याच फरशीवर मागल्या वर्षी त्यांची सून कमलबाई पाय सटकून पडली आणि सहाव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. घरात सगळे म्हणाले, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं? फरशी निसरडी होती, एवढं सांगायला कुणाची जीभ झडली होती?

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी कमलबाईला पुन्हा दिवस गेले. या खेपेला ती नशिबाच्या भरवशावर बसणार नव्हती. "मोरीपुढं पायाखाली काहीतरी घालाय पाहिजे," असं तिनं सासऱ्यांना तोंडावर सांगितलं.

आण्णासाहेब देवळात यजमानांच्या पूजा सांगायचे. घरात कडक सोवळं. सुती कापड विटाळतं, लोकर विटाळत नाही, हा त्यांचा कायदा. म्हणून त्यांनी स्वतःच निवड केली आणि एक काळी घोंगडी आणून दिली. "ही घाल. शास्त्राला चालते." कमलबाईचा नवरा वसंतराव कचेरीत कारकून. तो म्हणाला, "आण्णा म्हणतात तेच बरं." तो आणखी काय म्हणणार होता?

घोंगडी शास्त्राला चालली, मोरीला काही चालली नाही. पाणी पिऊन जड झाली, वाळेना, कुबट वास मारायला लागली. एका सकाळी कमलबाईनं तिच्यावर पाय ठेवला आणि ती बुळबुळीत झालेली घोंगडी पायाखालून सरकली. पाण्याच्या रांजणाला मिठी मारली म्हणून बाई वाचली. सावरल्यावर पहिला हात पोटावर गेला. आधी भीती वाटली, मग असा राग आला की भीती कुठल्या कुठं गेली.

तिनं त्याच दिवशी घरातलं जे सापडेल ते ओलं करून अंगणातल्या फरशीवर अंथरलं आणि भिंतीला धरून, पाय दाबून पाहिलं. सतरंजी भिजून लगदा झाली. शिंदीची चटई सुळकन पुढं गेली. ज्वारीचं रिकामं गोणपाट मात्र जागचं हललं नाही. पाणी त्यातून खाली निथळलं, आणि उन्हात टाकल्यावर ते बघता बघता खडखडीत वाळलं. तिनं ते दुमडून दाभणानं कडा शिवल्या आणि मोरीपुढं पसरलं.

दुपारी आण्णासाहेब देवळातून आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"बाजारात दहा जणांनी तुडवलेलं पोतं माझ्या स्वयंपाकघरात? उचल ते."

"न्हाय उचलणार, मामंजी."

या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. वसंतरावानं मान खाली घातली.

"मग मी या घरात अन्नाला शिवणार नाही," आण्णासाहेब म्हणाले.

"तुमची मर्जी. मी रोज तुमचं ताट वाढीन. जेवायचं का न्हाय ते तुम्ही ठरवा. पण या फरशीला आता दुसरं लेकरू देणार न्हाय मी."

तिनं खरंच ताट वाढलं. आण्णासाहेब पाटावर न बसता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आता सासू समजूत घालायला येणार, गोणपाट उचल म्हणून हात जोडणार, असं कमलबाईला वाटलं. तिनं मन घट्ट केलं.

सासू द्वारकाबाई चुलीपुढून उठल्या. नवऱ्याच्या आधी त्यांनी आयुष्यात कधी घास घेतला नव्हता, तापानं फणफणल्या असतानाही नाही. नवरा जेवल्याशिवाय बाईनं पाण्यालासुद्धा तोंड लावायचं नाही, अशी त्या घराची रीत. त्यांनी आण्णासाहेबांसाठी मांडलेला पाट आणि वाढलेलं ताट स्वतःकडं ओढलं आणि त्या पाटावर बसल्या.

"हे काय चाललंय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"जेवते." द्वारकाबाईंनी भाकरी मोडली. "आपलं पहिलं बाळ आठवतं का? ते बी इथंच, या फरशीवर गेलं. आणि त्याच दुपारी तुम्हाला वेळेवर जेवण पाहिजे म्हणून मी उठून भाकरी थापल्या."

आण्णासाहेब भिंतीकडून पुरते त्यांच्याकडं वळले.

"वाढ गं कमल, आणखी वरण वाढ," द्वारकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पहिला घास घेतला आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत तो सावकाश चावला.