केसांखाली झाकलेलं मशीन

"मॅडम, मशीन लावून द्या ना. पोरगी हाय, केसाखाली झाकून जाईन."

प्रशांत हे तिसऱ्यांदा सांगत होता. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाचं ऑपरेशन करणारी नव्हे, किती ऐकू येतं ते मोजणारी. अमरावतीत माझं छोटं क्लिनिक आहे. शिवाय नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात दरवर्षी कामगारांचे कान तपासायला जाते. प्रशांत तिथे लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर आहे. त्या ओळखीनेच तो बायको मनीषा आणि चार वर्षांची सान्वी यांना घेऊन बडनेऱ्याहून आला होता.

सान्वी हाक मारली तर वळत नव्हती. पूर्वी दोन-चार शब्द बोलायची, तेही बंद झाले होते. माझ्याकडच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत ती एका कोपऱ्यात बसली होती. तेवढ्यात खालच्या ज्यूसवाल्याने मिक्सर लावला, आणि तिने दोन्ही कान घट्ट झाकले. ज्याला ऐकूच येत नाही ते मूल मिक्सरला कशाला घाबरेल?

तरी मी बेरा टेस्ट केली. यात मुलाला झोपवतात, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात टिकटिक वाजवतात आणि ती मेंदूपर्यंत पोचते का ते कॉम्प्युटरवर बघतात. मुलाने तोंडाने काही सांगायची गरज नसते. सान्वीचे दोन्ही कान ठणठणीत निघाले.

"तिला छान ऐकू येतं," मी म्हटलं. "पण ऐकलेल्याचा अर्थ लावायची, माणसांशी बोलायची तिची रीत वेगळी दिसते. ऑटिझम असू शकेल. ते मी ठरवणार नाही, मुलांच्या विकासाचे डॉक्टर ठरवतील. चिठ्ठी देते. लवकर दाखवा, तिला मदत मिळेल."

प्रशांतचा चेहरा उतरला. "कायच्या काय बोलता मॅडम! मोबाइलवर पाह्यलं ना मी. ते पोट्टे आंगाले हात लावू देत नाही. हे तं मी ड्युटीवरून आलो का गळ्यात येऊन पडते. अन् ते पोरायले होते, पोरीले नाही."

"मुलींनाही असतो. आणि बापाच्या गळ्यात पडणारी मुलंही असतात. सगळी सारखी नसतात."

"मंग ते हिशोबात लय हुशार रायते म्हन्ते. हिले तं एक-दोन बी येत नाही."

मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, बहिरी म्हटलं तं लोक कीव करतीन. हे दुसरं सांगतलं तं पागल म्हनतीन. शाळेत कोन घेईन? उद्या तिचं लगन कसं होईन?"

चार वर्षांच्या पोरीचं लग्न! मला राग आला. पण ही बाई उगाच घाबरत नव्हती. ऑटिझमचं नाव ऐकल्यावर हात वर करणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. लोकांची तोंडंही पाहिली आहेत. मी एवढंच म्हटलं, की नाव लावलं नाही म्हणून मूल बदलत नाही, फक्त त्याला मदत मिळत नाही.

"आणि मशीन मी देणार नाही," मी प्रशांतला सांगितलं. "मशीन आवाज मोठा करतं. चांगल्या कानात मोठा आवाज रोज घातला तर कान मरतो. तुम्ही लूमवर कानात बोळे कशाला घालता?"

"ते येगळं हाय," प्रशांत म्हणाला. चिठ्ठी खिशात घालून तो उठला.

नंतर मी फोन केला. "दाखवून राह्यलो मॅडम," असं तो म्हणाला. पुढे त्याने फोन उचलणंच सोडलं. दुसऱ्याच्या घरात शिरून मूल उचलून आणता येत नाही.

वर्षभराने तिघं परत आले. सान्वीचे केस आता खांद्यापर्यंत आले होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गाडीला तिने हातही लावला नाही.

"मॅडम, मशीनचा आवाज वाढवून द्या," प्रशांत म्हणाला. "कमी ऐकू येऊन राह्यलं तिले."

मनीषाने केस बाजूला केले. दोन्ही कानांवर मशीन होतं, वरून पांढरी चिकटपट्टी. पट्टीखालची कातडी लाल झाली होती. अकोल्याच्या एका दुकानातून घेतलं म्हणे. दुकानदाराने मागून टाळी वाजवली, सान्वी वळली नाही, झाली तपासणी. सुरुवातीला ती मशीन ओढून फेकायची, किंचाळायची. म्हणून पट्टी लावायला लागले.

"आता नाही फेकत," मनीषा म्हणाली. "लय शांत झाली. आधी कुकरच्या शिट्टीले कान झाके. आता तेबी नाही."

हे तिने सुधारणा म्हणून सांगितलं.

मी सान्वीच्या कानावरून मशीन काढलं. आमच्याकडे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते. मशीन तिच्या टोकाला लावलं की मुलाला काय ऐकू येतं ते मोठ्यांना ऐकता येतं. मी ती नळी प्रशांतच्या कानांत दिली आणि मशीनजवळ एक टाळी वाजवली.

त्याने नळी उपटून टाकली. "बाप्पा! लूमवर बी येवढा आवाज नसते!"

"आणि लूमवर तुमच्या कानात बोळे असतात," मी म्हटलं.

मी विचारलं, "आता गळ्यात येऊन पडते का?"

"नाही," तो म्हणाला. "मी आलो का पलंगाखाली जाते. मीच तं लावतो ना मशीन."

पुन्हा बेरा झाली. जिथे आधी हलक्या टिकटिकीलाही उत्तर येत होतं, तिथे आता मोठ्या आवाजाशिवाय काही उमटत नव्हतं. दोन्ही कानांत तेच. मी टेस्ट दुसऱ्या दिवशी परत केली. चूक माझ्या कॉम्प्युटरची निघावी, असं मनापासून वाटत होतं. तशी ती निघाली नाही.

"औषध देता येईन ना?" मनीषाने विचारलं.

"याला औषध नाही. गेलेलं ऐकणं परत येत नाही."

"मंग आता..."

"आता मशीन खरंच लागेल. मोजून, बेताच्या आवाजाचं. ते मी बसवून देते. आणि त्या डॉक्टरांकडे उद्याच जायचं."

या वेळी ते गेले. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे एक नाव टाळायला एवढं सगळं केलं, ते लागलंच. वर बहिरेपणाचंही लागलं, आणि ते घरच्यांनीच ओढवून घेतलेलं. नवीन मशीनचं माप द्यायला आली तेव्हा मनीषाने सान्वीचे केस वर ओढून घट्ट बांधले होते. दोन्ही कान उघडे होते.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. मुलाच्या कानात मशीन घालायचा हट्ट धरून कोणी आलं, की आधी ते आईबापांना ऐकवते. समजावण्यात तासभर जातो, नळीने मिनिटात काम होतं.

यंदा कारखान्यात कान तपासायला गेले, तेव्हा प्रशांत रांगेत होता. वीसेक वर्षं लूमच्या खडखडाटात काढूनही त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. कंपनीने दिलेले बोळे तो एक दिवसही चुकवत नाही, असं सुपरवायझर कौतुकाने म्हणाला.

प्रशांतने कागदाची घडी करून खिशात घातली.

"माहे चांगले हाय," एवढंच म्हणाला आणि कामावर गेला.