अप्पांचा मेलेला सॉर्टर

भूत-भानामती म्हणजे रिकाम्या डोक्याचा उद्योग, हे मी आजही म्हणतो. तुमच्या त्या पिंपळावरच्या बाया वाचून मी इतका हसलोय की शेजारच्या म्हशी आटल्या. तरी हे लिहून राहिलो...

मी नांदेडचा. जुन्या मशीनच्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल नव्या कॉम्प्युटरात करतो — एम्युलेटर म्हणतात त्याला. लातूरला शिवराजअप्पांची डाळमिल. काळी डाळ वेगळी काढणाऱ्या त्यांच्या सॉर्टरचा कॉम्प्युटर मेला. नवी तूर तोंडावर, सॉर्टर नाही तर अख्खा हंगाम मिल बंद. मी त्याच्या चिपमधला प्रोग्राम काढून नांदेडला आणला.

त्या जुन्या मशीनची एक खोड होती. मेमरीची खोली एकच, दारं दोन. एका दारातून ठेवलं की दुसऱ्यातूनही तेच दिसणार. मी शहाण्यानं दोन दारांना दोन खोल्या बांधल्या, नक्कल अडकली. मग दोन्ही दारं एका खोलीला जोडली, चाचणीला एका दारातून सत्तेचाळीस टाकलं. दुसऱ्यात दिसलं. तेवढ्यात अप्पांचा फोन.

"इंजिनेर, ह्या बंद पडल्या मशीनवर सत्तेचाळीस कुठून आलं?"

"अप्पा, आधी त्याची लाईटची वायर काढा."

"वायर कवाच उंदरानं खाल्ली."

चष्मा पुसा म्हणालो. गुपचूप बारा टाकलं.

"आता बारा हाय."

पुण्याच्या एका दीडशहाण्याला विचारलं. म्हणाला, नेटवर्क असेल. उंदरानं वायर खाल्लेल्या डब्याला नेटवर्क! याला पगार कोण देतं?

असो. माझी नक्कल मिलमध्ये बसली, तूर धडाधड निघू लागली. मी ऐटीत म्हणालो, अप्पा, ते मेलेलं धूड भंगारात घाला.

आठवड्यानं मी नांदेडला चहा पीत बसलेलो. हात कपाला, कीबोर्डला नाही. आणि स्क्रीनवर मेमरीच्या त्या खोलीतले आकडे एकेक करून पुसले जाऊ लागले. मी फोन लावला.

"अप्पा, काय चाललंय तिकडं?"

"काय न्हाई, भंगारवाला जुनं मशीन खोलून राहिलाय. पण नवं काय करायलंय बघ की, काळी डाळ चांगल्यात टाकायलंय."

"थांबवा त्याला. आहेत तेवढे नटबोल्ट परत बसवा."

बसवले. आकडे आपोआप परतले, डाळ पिवळीधमक.

अप्पा हसून म्हणाले, "तूच म्हणला होतास ना, मेलंय?"

 भुतावर माझा विश्वास आजही मुळीच नाही. फक्त दर खंडेनवमीला मी नांदेडहून एसटीनं लातूर गाठतो आणि त्या धुडापुढं एक नारळ फोडतो. रुमालानं तोंड झाकून.